एक भागिले एकशे सदतीस: वर्णपटरेषांची साक्ष

पश्चिमेला धार, ईशान्येला देवास आणि मध्ये इंदूर. पवारांच्या दोन संस्थानांमधल्या या पट्ट्यात, इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-2 नावाचे यंत्र आहे. त्याच्या 172.5 मीटर परिघाच्या निर्वात नळीत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. चुंबक त्यांना वळवतात आणि वळताना ते प्रकाश बाहेर टाकतात. एक इलेक्ट्रॉन एका फेरीत सरासरी किती प्रकाशकण टाकत असेल? इंडस-2 ची ऊर्जा 2.5 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट धरून हिशेब केला, तर उत्तर सुमारे 324 येते. इलेक्ट्रॉनला त्याच्या वस्तुमानाच्या किती पट ऊर्जा द्यायची हे माणूस ठरवतो आणि वर्तुळाचा भाग भूमितीतून येतो. या हिशेबात निसर्गाने स्वतः घातलेला आकडा एकच उरतो. तो म्हणजे सूक्ष्मसंरचना स्थिरांक, ज्याला भौतिकशास्त्रज्ञ आल्फा म्हणतात.

आल्फाची किंमत एक भागिले 137.036 आहे. तिला मीटर, सेकंद, किलो असे कोणतेही एकक नाही. आपण मोजमापाची कोणतीही पद्धत वापरली तरी हा आकडा तोच येतो. विद्युतभार आणि प्रकाश यांचे नाते किती घट्ट आहे, हे तो सांगतो. अणूचा आकार, रासायनिक बंधांची ताकद, पदार्थांचे रंग या सर्वांत त्याचा वाटा आहे. त्यातला भाजक 137 च्या जवळ का, 100 किंवा 200 का नाही, याचे उत्तर आजच्या कोणत्याही सिद्धान्तात नाही. म्हणूनच पुढचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो: हा आकडा सगळीकडे आणि सर्वकाळ हाच आहे का? या प्रश्नावर गेल्या शतकभरात जमा झालेल्या पुराव्याचा मोठा भाग अणूंच्या वर्णपटरेषांतून आला आहे आणि त्यात पुण्याचा वाटा मोलाचा आहे. त्या पुराव्याचा हा आढावा.

रेषांतून हाती आलेला आकडा

सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांची पद्धतशीर नोंद फ्राउनहोफरने 1814 मध्ये केली. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात आणि त्यांवरून ते मूलद्रव्य ओळखता येते, हे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी 1859-60 मध्ये दाखवले. मग रेषांच्या जागांमागचा नियम शोधणे सुरू झाले. स्वित्झर्लंडच्या बाझल गावातले शाळामास्तर योहान बाल्मर यांनी 1885 मध्ये हायड्रोजनच्या 656.3, 486.1, 434.0 आणि 410.2 नॅनोमीटर या चार दृश्य रेषा एका साध्या सूत्रात बसवल्या. पाठोपाठ स्वीडनच्या योहानेस रिडबर्ग यांनी ते सूत्र व्यापक केले. त्यातला स्थिरांक आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याची किंमत दर मीटरला सुमारे 1,09,73,731.57 इतकी आहे.

हा स्थिरांक येतो कुठून, हे नील्स बोर यांनी 1913 मध्ये सांगितले. आजच्या भाषेत ते नाते असे आहे: आल्फाचा वर्ग, गुणिले इलेक्ट्रॉनचे वस्तुमान, गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले प्लांकच्या स्थिरांकाची दुप्पट. हायड्रोजनच्या तळच्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनचा वेगही आल्फाच ठरवतो. तो प्रकाशाच्या वेगाचा 137 वा भाग, म्हणजे सेकंदाला सुमारे 2,190 किलोमीटर आहे.

परंतु हायड्रोजनची लाल रेषा एकेरी नाही. बारकाईने पाहिले तर ती दोन जवळजवळच्या रेषांची बनलेली दिसते, हे मायकेलसन आणि मॉर्ली यांनी 1887 मध्येच नोंदवले होते. बोर यांच्या सिद्धान्तात या दुहेरीपणाला जागा नव्हती. आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी 1916 मध्ये इलेक्ट्रॉनच्या गतीला सापेक्षतेचा नियम लावला आणि या सूक्ष्म फाटीचे गणित मांडले. त्या गणितात आल्फा प्रथमच स्वतंत्र आकडा म्हणून पुढे आला आणि त्याला सूक्ष्मसंरचना हे नावही तिथूनच मिळाले. पुढे 1928 मध्ये डिरॅक यांच्या समीकरणाने या फाटीचा खरा पाया दिला. 1947 मध्ये विलिस लॅम्ब यांनी हायड्रोजनमधले त्याहूनही बारीक अंतर मोजले आणि त्यातून प्रकाश व विद्युतभार यांचा आजचा पुंज सिद्धान्त उभा राहिला.

बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने ही फाट पाहिलेली असते. प्रयोगशाळेतल्या सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश वर्णपटमापकातून पाहिला की 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या दोन रेषा दिसतात. रेषांच्या एकूण ऊर्जेच्या तुलनेत त्यांच्यातली फाट आल्फाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दूरच्या एखाद्या ठिकाणी आल्फा लाखात एक भागाने वेगळा असता, तर तिथल्या सोडियमच्या रेषांमधले सापेक्ष अंतर लाखात दोन भागांनी वेगळे दिसले असते. पुढच्या सर्व शोधाचे बीज या साध्या गणितात आहे.

स्थिरांकावर शंका कुणी घेतली?

निसर्गाचे स्थिरांक काळानुसार बदलत असतील, ही कल्पना डिरॅक यांनी 1937 मध्ये मांडली. त्यांच्या मांडणीत गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक विश्वाच्या वयाबरोबर कमी होत जातो. मराठी वाचकांना परिचित असलेले जयंत नारळीकर यांनीही फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षण बदलत जाणाऱ्या विश्वाच्या प्रतिकृतींवर काम केले होते. 1967 मध्ये जॉर्ज गॅमॉ यांनी सुचवले की बदलतो तो गुरुत्व-स्थिरांक नसून विद्युतभार असावा. तसे असेल तर आल्फाही विश्वाच्या वयाच्या प्रमाणात वाढत आलेला असायला हवा.

गॅमॉ यांची कल्पना तपासता येण्यासारखी होती. दूरच्या दीर्घिकेतून आलेला प्रकाश म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वीच्या अणूंचा प्रकाश. विश्वाच्या प्रसरणामुळे त्याच्या सर्व रेषा लाल बाजूला सरकतात. यालाच ताम्रसृती म्हणतात. ही सरकण सर्व तरंगलांबींना एकाच पटीने ताणते. आल्फा बदलला तर मात्र वेगवेगळ्या रेषा वेगवेगळ्या प्रमाणात सरकतात. त्यामुळे रेषांच्या परस्पर अंतरांच्या गुणोत्तरांवरून प्रसरणाचा परिणाम बाजूला काढता येतो आणि उरेल तो आल्फाचा. जॉन बाकॉल आणि मार्टेन श्मिट यांनी त्याच वर्षी पाच रेडिओ-दीर्घिकांतल्या ऑक्सिजनच्या जोडरेषा तपासल्या. सुमारे दोन-अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या आल्फाचे आजच्या आल्फाशी गुणोत्तर 1.001 आले, अनिश्चितता 0.002. गॅमॉ यांची कल्पना तिथेच बाद झाली.

बाकॉल आणि श्मिट यांनी वापरलेल्या या रेषांशी पुण्याचे जुने नाते आहे. त्यांतली ठळक हिरवी रेषा, 500.7 नॅनोमीटरची, तेजोमेघांची मुख्य रेषा म्हणून एकोणिसाव्या शतकात गाजली होती. ती कोणत्या मूलद्रव्याची, हे कुणालाच ठाऊक नव्हते. नॉर्मन लॉकियर तिचा संबंध मॅग्नेशियमशी जोडत होते. तसे असते तर ती एका बाजूला धूसर पसरलेली दिसायला हवी होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातल्या तेजोमेघाचे वेध घेतले आणि ही रेषा स्वच्छ, रेखीव असल्याचे 1891 मध्ये प्रसिद्ध केले. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे 1927 मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडले. याच जोडरेषांवरून पुढे 13,000 हून अधिक क्वेसारांमधून, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांमधून, आल्फा तपासला गेला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीत लाखात 0.9 भाग फरक आला आणि अनिश्चितता 1.8 होती, म्हणजे मोजता येण्याजोगा बदल नाही.

आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातल्या ओक्लोच्या युरेनियम खाणीतून एक वेगळा पुरावा मिळाला. सुमारे 1.8 अब्ज वर्षांपूर्वी तिथे निसर्गतःच अणुविखंडनाची साखळी चालली होती, हे 1972 मध्ये उघड झाले. तिथल्या समेरियमच्या प्रमाणावरून आल्फावर अतिशय कडक बंधन घालता येते, हे अलेक्झांडर श्ल्याख्टर यांनी 1976 मध्ये दाखवले. पण तो हिशेब अणुकेंद्रातल्या बलांविषयीच्या गृहीतकांवर टेकलेला आहे. वर्णपटरेषांचा अर्थ लावायला त्या मानाने फार थोडी गृहीतके लागतात.

ऑस्ट्रेलियाचा दावा, पुण्याचे उत्तर

1999 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन वेब, व्हिक्टर फ्लामबाउम आणि सहकाऱ्यांनी एक नवी पद्धत आणली. एकाच मूलद्रव्याच्या जोडरेषांऐवजी हलक्या आणि जड अशा अनेक मूलद्रव्यांच्या रेषा एकत्र तपासायच्या. जड अणुकेंद्राजवळून जाणारा इलेक्ट्रॉन अधिक वेगाने धावतो, त्यामुळे आल्फातल्या बदलाचा परिणाम त्याच्यावर अधिक होतो. मॅग्नेशियमच्या रेषा जवळजवळ जागच्या जागी राहतात आणि लोहाच्या रेषा सरकतात. संवेदनशीलता सुमारे दहापटीने वाढली.

हवाई बेटांवरच्या केक दुर्बिणीतून या गटाने 128 शोषक मेघांचा अभ्यास केला. हे मेघ दूरच्या क्वेसारांच्या वाटेत आहेत आणि क्वेसाराच्या प्रकाशावर आपल्या रेषा उमटवतात. 2003 मध्ये त्यांनी जाहीर केले की पूर्वीचा आल्फा आजच्यापेक्षा लाखात 0.543 भागाने कमी होता आणि अनिश्चितता होती 0.116. हे खरे ठरले असते तर भौतिकशास्त्राचा पायाच नव्याने बांधावा लागला असता.

या दाव्याची स्वतंत्र तपासणी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून झाली. रघुनाथन श्रीआनंद, त्यांच्याबरोबर काम करणारे हुमचंद आणि फ्रान्समधले पॅट्रिक पेतिजाँ व बास्तियाँ आरासिल यांनी चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपमधून मिळालेल्या उत्तम प्रतीच्या वर्णपटांतून 23 मेघ निवडले. निवडीचे निकष कडक ठेवले: फार गुंतागुंतीच्या आणि फार गडद झालेल्या रेषा घ्यायच्या नाहीत. 2004 मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बदल लाखात उणे 0.06 आणि अनिश्चितताही 0.06. चार ते अकरा अब्ज वर्षांपूर्वीच्या काळात आल्फा बदलल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

वाद इथे थांबला नाही. मायकेल मर्फी, वेब आणि फ्लामबाउम यांनी 2007-08 मध्ये पुण्याच्या गटाच्या आकडेमोडीवर आक्षेप घेतले: रेषांना वक्र बसवण्याची पद्धत सदोष आहे आणि सांगितलेली अनिश्चितता वास्तवापेक्षा कमी आहे. त्यांनी तोच विदा पुन्हा मांडला तेव्हा बदल उणे 0.64 आणि अनिश्चितता 0.36 आली. आयुकाच्या गटाने उत्तर देताना दोन विसंगत मेघ वगळले, अधिक मोठी अनिश्चितता मान्य केली आणि निष्कर्ष शून्याशी सुसंगत असल्याचे पुन्हा दाखवले. माझ्या मते या टप्प्यावर दोन्ही बाजूंनी विज्ञानाची सेवाच केली. आक्षेप नेमके होते, उत्तर आकड्यांत दिले गेले आणि अनिश्चिततेचा अंदाज दोघांच्याही हातून अधिक प्रामाणिक झाला.

2011 मध्ये वेब यांच्या गटाने आणखी मोठा दावा केला. केकमधून दिसणाऱ्या उत्तर आकाशात आल्फा पूर्वी कमी, तर चिलीतून दिसणाऱ्या दक्षिण आकाशात पूर्वी जास्त. म्हणजे आल्फा काळापेक्षा दिशेनुसार बदलतो, असे त्यांचे म्हणणे होते.

आधी मोजपट्टी तपासा

या वादाचा निकाल ज्या कामाने जवळ आणला, ते मला संपूर्ण कहाणीतले सर्वांत शिकण्यासारखे काम वाटते. आल्फा लाखात एक भागाने बदलला, तर लोहाची रेषा मॅग्नेशियमच्या रेषेच्या तुलनेत सेकंदाला सुमारे 200 मीटर वेगाइतकी सरकते. हे अंतर वर्णपटमापकाच्या एका चित्रबिंदूच्या जेमतेम दहाव्या भागाएवढे आहे. इतके बारीक मोजायचे तर मोजपट्टी त्याहून बिनचूक हवी. दुर्बिणींवर ही मोजपट्टी थोरियम-अर्गॉनच्या दिव्याच्या रेषांनी आखली जात होती.

आयुकाचे हादी रहमानी, श्रीआनंद आणि त्यांचे सहकारी यांनी 2013 मध्ये त्या मोजपट्टीचीच परीक्षा घेतली. त्यांनी लघुग्रहांचे वर्णपट घेतले. लघुग्रह सूर्याचाच प्रकाश परावर्तित करतो आणि सूर्याच्या रेषांच्या जागा आपल्याला अतिशय अचूक माहीत आहेत. तुलनेत दिसले की वर्णपटाच्या निळ्या टोकाकडून लाल टोकाकडे जाताना तरंगलांबीची चूक हळूहळू वाढत जाते. दिव्याचा प्रकाश आणि आकाशातून आलेला प्रकाश यंत्रातून तंतोतंत एकाच वाटेने जात नाहीत. त्यामुळे दिव्याने आखलेली पट्टी ताऱ्यांच्या प्रकाशाला किंचित तिरकी लागते. 2015 मध्ये जोनाथन व्हिटमोर आणि मायकेल मर्फी यांनी दाखवले की केक आणि चिली या दोन्ही ठिकाणी अशी विकृती आहे आणि दिशेनुसार बदलाचा दावा तिच्यातून बऱ्याच अंशी समजावता येतो. मर्फी हे मूळ दाव्याच्या गटातले. स्वतःच्या निष्कर्षाची अशी तपासणी त्यांनी केली, याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

नंतर एस्प्रेसो हा नवा वर्णपटमापक चिलीत आला. त्याच्या मोजपट्टीसाठी लेसरची समान अंतरावरच्या असंख्य रेषांची कंगव्यासारखी मालिका वापरता येते. 2022 मध्ये मर्फी आणि सहकाऱ्यांनी एका तेजस्वी क्वेसारासमोरचा सुमारे साडेआठ अब्ज वर्षांपूर्वीचा मेघ तपासला. बदल दशलक्षात 1.3 भाग, अनिश्चितताही 1.3 आणि यंत्राची संभाव्य चूक 0.4. म्हणजे आल्फा तोच.

खोडदहून ऐकलेली रेषा

दृश्य प्रकाशाच्या पलीकडे रेडिओ रेषा आहेत. हायड्रोजन अणूची 21 सेंटिमीटरची रेषा आल्फा, प्रोटॉनचे चुंबकत्व आणि प्रोटॉन-इलेक्ट्रॉन वस्तुमानांचे गुणोत्तर या तिन्हींवर अवलंबून असते. तिची तुलना त्याच मेघातल्या अतिनील रेषांशी केली की तिन्हींच्या एकत्रित बदलावर मर्यादा येते. नारायणगावाजवळ खोडद इथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांच्या जीएमआरटी दुर्बिणीने हे काम केले आहे. 2010 मध्ये श्रीआनंद, नीरज गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 3.17 ताम्रसृतीच्या मेघात ही रेषा पकडली. ती 1,420 मेगाहर्ट्झवरून सुमारे 340 मेगाहर्ट्झपर्यंत उतरलेली होती. साडेअकरा अब्ज वर्षांहून अधिक काळात त्या संयुक्त राशीचा बदल दशलक्षात उणे 1.7, अनिश्चितता 1.7. पुण्याच्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी हायड्रॉक्सिल रेणूच्या जोडरेषा अरेसिबोच्या दुर्बिणीतून तपासल्या. 2018 मधल्या त्या निष्कर्षातही बदल आढळला नाही.

आजचा आल्फा

आल्फा आता, या क्षणी बदलतो आहे का, हे अणुघड्याळे सांगतात. आल्फाला कमी-जास्त प्रतिसाद देणाऱ्या दोन रेषांवर दोन घड्याळे चालवायची आणि त्यांच्यात फरक पडतो का, हे वर्षानुवर्षे पाहायचे. जर्मनीतल्या राष्ट्रीय मापन संस्थेने यटर्बियमच्या एकाच आयनातल्या दोन रेषांची अशी तुलना केली. आल्फाचा वार्षिक बदल एकावर अठरा शून्ये इतक्या भागांतल्या एका भागाहूनही कमी आहे, असे 2023 मधले त्यांचे आकडे सांगतात. यटर्बियम आयनावरचे घड्याळ उभारण्याचे काम पुण्यात आयुकातही चालू आहे. 2024 मध्ये थोरियम-229 च्या अणुकेंद्रातली रेषा लेसरने उत्तेजित करण्यात यश आले. अशा अणुकेंद्रीय घड्याळाची संवेदनशीलता आजच्या घड्याळांच्या हजारो पट असेल, अशी अपेक्षा आहे.

मग दूरच्या क्वेसारांची गरज उरली का? उरली. घड्याळे काही वर्षांचा आणि फक्त पृथ्वीवरचा हिशेब देतात. आल्फा पूर्वी बदलून नंतर स्थिरावला असेल, किंवा विश्वाच्या दुसऱ्या भागात वेगळा असेल, तर ते फक्त दूरच्या रेषाच सांगू शकतात.

आणि मुळात आजची किंमत तरी सर्वांना एकच मिळते का? बर्कलीच्या गटाने 2018 मध्ये सीझियमचे अणू वापरून 137.035999046 ही व्यस्त किंमत काढली. पॅरिसच्या गटाने 2020 मध्ये रुबिडियम वापरून 137.035999206 काढली. फरक दहाव्या अंकात आहे, पण तो सांगितलेल्या अनिश्चिततेच्या पाचपटीहून जास्त आहे. हा पेच सुटलेला नाही. असा पेच सोडवायला अणूंना लेसरने थंड करण्याचे जे कसब लागते, त्याचे प्रयोग इंदूरच्या केंद्रातही रुबिडियमवर झाले आहेत.

या सर्व पुराव्याचा निवाडा असा: विश्वाच्या वयाच्या बहुतेक काळात आल्फा दशलक्षात काही भागांपलीकडे बदललेला नाही आणि आजही तो बदलताना दिसत नाही. बदलाचे जे दावे झाले, ते बऱ्याच अंशी मोजपट्टीतल्या चुकांशी जाऊन मिळाले. आल्फा स्थिर आहे हे आता गृहीतक राहिलेले नाही, तो मोजून मिळालेला निष्कर्ष झाला आहे. भाजक 137 च का, हा प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे.

धार, देवास आणि एकूण माळव्यातल्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. हायड्रोजनच्या नळीवरून रिडबर्ग स्थिरांक काढण्याचा प्रयोग विद्यार्थी करतात आणि जर्नलमध्ये उत्तर लिहून थांबतात. त्यांना आणखी एक ओळ लिहायला सांगा. रिडबर्ग स्थिरांक गुणिले प्लांकच्या स्थिरांकाची दुप्पट, भागिले इलेक्ट्रॉनचे वस्तुमान आणि प्रकाशवेग यांचा गुणाकार. मग त्याचे वर्गमूळ. रिडबर्ग स्थिरांकात एक टक्का चूक असली, तर आल्फात अर्धाच टक्का येते. उत्तर एक भागिले 137 च्या आसपास येईल. शेजारी स्वतःच्या मोजमापाची अनिश्चितताही लिहायला लावा आणि ती पुस्तकातल्या उत्तराशी जुळवून घेऊ देऊ नका.